पेन्सिल, कोळसा, शाई : पाहायला शिकण्याची साधने

विज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासताना एक गोष्ट बहुतेक शिक्षकांच्या लक्षात येते. जास्वंदीच्या फुलाचे चित्र वर्गातल्या सगळ्या वह्यांमध्ये जवळजवळ सारखेच असते. पाकळ्या तेवढ्याच उघडलेल्या, देठ त्याच बाजूला कललेला, नावेही त्याच क्रमाने लिहिलेली. चाळीस मुलांनी चाळीस फुले पाहून चित्रे काढली असती, तर असे झाले नसते. चित्र पुस्तकातून वहीत आले आहे. फूल समोर टेबलावर होते, पण ते कोणी पाहिलेच नाही.

याचे कारण मुलांचा आळस हे नव्हे. पाहून चित्र कसे काढायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. चित्रकला ही देणगी आहे, ती काहींना मिळते आणि बाकीच्यांना मिळत नाही, असा समज घरात आणि शाळेत पक्का असतो. चौथी-पाचवीतच 'मला चित्र येत नाही' असे मूल म्हणू लागते, आणि मग पुस्तकातले चित्र उतरवणे हाच सोपा मार्ग उरतो. कलावंताची प्रतिभा ही वेगळी गोष्ट आहे. पण समोरची वस्तू कागदावर ओळखू येईल इतपत उतरवणे हे मोजण्याचे आणि तुलना करण्याचे कौशल्य आहे. मोजपट्टी किंवा तराजू वापरायला आपण जसे शिकवतो, तसेच तेही शिकवता येते. त्याची सुरुवात काळ्या-पांढऱ्यातून करणे सर्वांत सोयीचे, आणि ती करताना विज्ञानाचे बरेच धडे आपोआप होतात. त्यांचाच विचार या लेखात करू या.

रंग बाजूला का ठेवायचे?

काळे-पांढरे छायाचित्र पाहताना आपल्याला काही अडचण येत नाही. माणूस ओळखू येतो, त्याच्या नाकाचा उंचवटा कळतो, मागची भिंत किती दूर आहे याचाही अंदाज येतो. म्हणजे वस्तूचा आकार आणि खोली समजण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती रंगात नसून उजेडाच्या कमी-जास्तपणात असते. आपल्या दृष्टिपटलावर मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकार पेशी सुमारे बारा कोटी, तर रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी साठ-सत्तर लाख असतात. संध्याकाळी रंग मावळतात तरी वस्तू दिसत राहतात, त्या या दंडाकार पेशींमुळे.

रंगपेटी हातात दिली की मूल 'पान हिरवे, टोमॅटो लाल' असे ठरवून सपाट रंग भरते. पानाचा कोणता भाग उजेडात आहे आणि कोणता सावलीत, हा प्रश्नच त्याला पडत नाही. रंग काढून घेतले की हा एकच प्रश्न शिल्लक राहतो.

यासाठी चित्रकारांची एक जुनी युक्ती आहे. डोळे किलकिले करून समोरच्या दृश्याकडे पाहायचे. बारीक तपशील पुसट होतात, रंगही थोडे फिके पडतात आणि उजेड-सावलीचे मोठे ठोकळे तेवढे उरतात. चित्राची सुरुवात या ठोकळ्यांपासून करायची असते.

तीन साधने, एकच मूलद्रव्य

पेन्सिल, कोळसा आणि काळी शाई या तिन्हींचा काळेपणा कार्बनचा असतो.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे एक मऊ, काळा, चकचकीत खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा असे लोकांना वाटले. १७७९ मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन असल्याचे दाखवले आणि १७८९ मध्ये त्याला 'ग्रॅफाइट' हे नाव मिळाले. तो जुना गैरसमज आपल्या 'शिसपेन्सिल' या शब्दात अजून टिकून आहे. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू एकावर एक रचलेल्या थरांत असतात. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट बांधलेले, पण थराथरांमधली पकड मात्र अगदी सैल. कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर पेन्सिल घासली की हे थर सुटून तंतूंमध्ये अडकतात. तीच आपली रेघ. १७९५ मध्ये फ्रान्समधील निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भाजण्याची पद्धत शोधली. माती जास्त असेल तर पेन्सिल कठीण आणि फिकी, म्हणजे 'एच' गटातली. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि गडद, म्हणजे 'बी' गटातली. वर्गासाठी एक एचबी आणि एक ४बी किंवा ६बी पुरेशी होते.

कोळशात अणूंची अशी नीटस रचना नसते. तो सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला प्रकाश छिद्रांत अडकतो, म्हणून कोळशाचा काळा रंग गडद आणि चमकहीन दिसतो. पेन्सिलने गडद केलेला भाग मात्र तिरपा धरला की चकाकतो. चित्रासाठी लागणारा कोळसा शाळेतही करता येतो. पत्र्याच्या डब्यात बोटाएवढ्या जाडीच्या, साल काढलेल्या, वाळक्या काटक्या दाटीने भराव्यात. झाकणाला खिळ्याने भोक पाडून डबा मोकळ्या जागी विस्तवात ठेवावा. भोकातून आधी वाफ आणि मग धूर येईल. धूर थांबला की डबा विस्तवातून काढून पूर्ण गार होईपर्यंत तसाच ठेवावा. गरम असताना उघडल्यास हवा लागून काटक्या पेट घेतात. झाकणाचे भोक बुजू देऊ नये, नाहीतर आत दाब वाढतो. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे आणि मुलांनी ते लांबून पाहावे. हवेशिवाय तापवलेले लाकूड जळत नाही, त्याचा कोळसा होतो, हा रसायनशास्त्राचा धडाही त्यात झाला.

शाईसाठी काजळी आणि डिंक यांचे मिश्रण आपल्याकडे पोथ्या लिहिण्यासाठी वापरले जाई. काजळीतला कार्बन हवा-पाण्याशी सहजासहजी रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून अशी शाई शेकडो वर्षे काळीच राहते.

रेषा : आहे आणि नाही

मुले चित्राची सुरुवात बाह्यरेषेने करतात. पण पेल्याभोवती, गालाभोवती किंवा पानाभोवती निसर्गात रेषा नसते. तेथे फक्त एक उजळ भाग संपतो आणि त्याहून गडद भाग सुरू होतो. असे असूनही चार रेषांचे मांजर लहान मूलदेखील ओळखते. याचा काही उलगडा डेव्हिड ह्यूबेल आणि टोर्स्टन वीझेल यांच्या प्रयोगांतून झाला. मांजराच्या मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात विशिष्ट दिशेच्या कडा दिसल्या तरच उद्दीपित होणाऱ्या पेशी असतात, असे त्यांना १९५९ च्या सुमारास आढळले. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डोळ्यांकडून आलेल्या माहितीतून मेंदू कडा वेचून काढतो. रेषाचित्र त्याला या कडाच तयार करून देते.

अडचण येते ती पुढे. मेंदू जे 'जाणतो' ते हाताला जे 'दिसते' त्यावर कुरघोडी करते. पेल्याचे तोंड गोल असते हे मुलाला माहीत आहे, म्हणून ते पूर्ण वर्तुळ काढते. पेला टेबलावर उभा राहतो हेही माहीत आहे, म्हणून तळाला सरळ रेघ मारते. प्रत्यक्षात दोन्ही लंबवर्तुळे दिसत असतात. क्षितिजसमांतर वर्तुळाकडे आपण ३० अंशांच्या कोनातून खाली पाहिले, तर त्याची उभी रुंदी आडव्या रुंदीच्या निम्मी दिसते. नजर काठाच्या पातळीला आणली की उरते फक्त एक रेघ. पेल्याचा तळ काठापेक्षा नजरेच्या अधिक खाली असतो, म्हणून तळाचे लंबवर्तुळ काठाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक फुगीर असते. हे आधी सांगून टाकू नये. पेला हळूहळू वर-खाली करून मुलांनाच पाहू द्यावे.

'जाणणे' बाजूला ठेवण्यासाठी दोन उपाय फार उपयोगी पडतात. पहिला मापाचा. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने पेन्सिलीवर वस्तूची उंची खूण करून घ्यायची. त्याच मापात रुंदी किती वेळा बसते ते पाहायचे. येथे समरूप त्रिकोणांचा नियम वापरला जातो. हात ताठ ठेवायचा तो डोळा आणि पेन्सिल यांतले अंतर बदलू नये म्हणून. दुसरा उपाय रिकाम्या जागेचा. खुर्चीचे चित्र काढताना खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या आणि पाठीच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढायचे. त्या आकारांना नाव नसते, त्यामुळे 'हे कसे असते' याची ठरीव कल्पनाही डोक्यात नसते. डोळ्यांना दिसेल तेच हात काढतो आणि खुर्ची आपोआप बरोबर उमटते.

छटा : डोळा तुलना करतो, मोजत नाही

रेषेनंतरचा टप्पा छटांचा. येथे एक मोठी मर्यादा आहे. चांगला पांढरा कागद त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून थोडा अधिक प्रकाश परत पाठवतो, आणि कोळशाचा गडद काळा भाग ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कागदावरच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांत जेमतेम पंधरा-वीस पटींचा फरक असतो. उलट, भर दुपारी अंगणात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर वर्गात तीनशेच्या आसपास. हा फरक काही शे पटींचा झाला. तो कागदावर जसाच्या तसा आणणे शक्यच नाही.

तरीही चित्र खरे वाटते, कारण डोळाही प्रकाश मोजत नाही. अंगणातला कोळसा आणि वर्गातला कागद यांची तुलना करून पाहा. एक लाखाचे ५ टक्के म्हणजे पाच हजार. तीनशेचे ८० टक्के म्हणजे दोनशे चाळीस. उन्हातला कोळसा वर्गातल्या पांढऱ्या कागदाच्या वीसपट प्रकाश डोळ्यांकडे पाठवतो, आणि तरीही कोळसा काळा आणि कागद पांढराच दिसतो! आपण वस्तू तिच्या शेजाऱ्याशी ताडून पाहतो. म्हणून चित्र काढताना 'ही छटा किती गडद?' असा प्रश्न विचारायचा नसतो. 'ही शेजारच्या छटेपेक्षा गडद की उजळ, आणि कितीने?' असे विचारायचे असते.

याचा सराव नऊ चौकटींच्या पट्टीने होतो. पहिली चौकट कोरी ठेवायची, नववी शक्य तितकी गडद करायची. मग दोन्हींच्या बरोबर मधली वाटेल अशी पाचवी भरायची, नंतर तिसरी आणि सातवी, आणि शेवटी उरलेल्या. क्रमाने एक, दोन, तीन अशी भरत गेल्यास पाचव्या-सहाव्या चौकटीतच काळा रंग संपतो. एक मजेची गोष्ट अशी की डोळ्यांना बरोबर मधली वाटणारी राखाडी छटा पन्नास टक्के प्रकाश परत पाठवत नाही, तर फक्त १८ ते २० टक्के पाठवते. अंधाराकडच्या बाजूला आपला डोळा लहान फरकही टिपतो, उजेडाच्या बाजूला मात्र त्याला मोठा फरक लागतो.

पट्टी तयार झाली की तिच्याकडे नीट पाहा. प्रत्येक चौकट एकसारखी भरलेली असूनही, गडद शेजाऱ्याला लागून असलेल्या कडेला ती अधिक उजळ भासते आणि उजळ शेजाऱ्याच्या कडेला अधिक गडद. कडांपाशी होणाऱ्या अशा आभासांचा अभ्यास अर्न्स्ट माख याने १८६५ मध्ये केला. पुढे केफर हार्टलाइन याने नालखेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले, की एका ठिकाणचा प्रकाशग्राही घटक उद्दीपित झाला की तो शेजारच्या घटकांचे उद्दीपन दडपतो. कडा अधिक ठळक दिसण्यामागे असे 'शेजाऱ्याला दाबणे' असते, असे मानले जाते. हार्टलाइनला १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चेंडू आणि चंद्र

चित्रकला शिकणाऱ्याला सुरुवातीला गोल काढायला लावतात. पांढरा चेंडू किंवा अंडे घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि एकाच खिडकीतून किंवा एकाच दिव्यातून उजेड येईल अशी सोय करा. आता त्यावर काय दिसते?

प्रकाशाकडे तोंड असलेला भाग सर्वांत उजळ. तेथून दूर जाताना छटा गडद होत जाते, पण सारख्या वेगाने नाही. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश किरणांच्या आणि लंबाच्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलतो. हा नियम लाम्बर्ट याने १७६० मध्ये मांडला. ३० अंशांवर प्रकाश सुमारे ८७ टक्के असतो, ६० अंशांवर ५० टक्के, आणि ९० अंशांवर शून्य. म्हणजे छटा आधी सावकाश आणि शेवटी झपाट्याने गडद होते. नवशिका विद्यार्थी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी चढती छटा देतो, त्यामुळे त्याचा चेंडू चेंडूसारखा दिसत नाही.

सर्वांत गडद भागही कडेला नसतो, तो थोडा आत असतो. कडेच्या भागावर खालच्या कागदावरून परतलेला प्रकाश पडतो. कागद काढून काळे कापड ठेवा, ती उजळ कड नाहीशी होईल. चेंडूची खाली पडलेली सावली जेथे चेंडू टेकला आहे तेथे रेखीव आणि दूर गेल्यावर पुसट कडेची असते. ग्रहण शिकवताना आपण प्रच्छाया आणि उपच्छाया असे शब्द वापरतो, त्यातली उपच्छाया ती हीच.

हे सारे आकाशातही घडते. शुद्ध द्वितीया-तृतीयेला चंद्राच्या कोरीबरोबर उरलेला भागही अंधुक दिसतो, तो पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशामुळे. चेंडूच्या उजळ कडेसारखीच ही गोष्ट, आणि तिचे बरोबर स्पष्टीकरण लिओनार्दो दा विंची या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस आपल्या टिपणांत लिहून ठेवले होते.

शंभरएक वर्षांनी याच विषयात आणखी एक घटना घडली. १६०९ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढले. उजेड-अंधाराची सीमारेषा त्याला वेडीवाकडी दिसली, ती त्याने तशी काढली, पण ती तशी का आहे याचा अर्थ त्या चित्रात नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने चंद्र पाहिला आणि पातळ शाईच्या गडद-फिक्या छटांनी चित्रे काढली. गॅलिलिओने यथादर्शनाचे शिक्षण घेतले होते, चिगोली हा चित्रकार त्याचा मित्र होता. खड्ड्याची सूर्याकडची बाजू अंधारी आणि समोरची उजळ दिसते, हे त्याने ओळखले. अंधाऱ्या भागात सुटे दिसणारे उजळ ठिपके म्हणजे पहाटेचे ऊन आधी पडलेली शिखरे आहेत, हेही त्याने ताडले आणि सीमारेषेपासूनच्या त्यांच्या अंतरावरून पर्वतांची उंची काढली. मार्च १६१० मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. चंद्र हा गुळगुळीत, निर्दोष गोळा आहे, ही जुनी समजूत त्याने मोडली. ते पुस्तक निघाल्यानंतर हॅरियटने काढलेल्या चित्रांत मात्र खड्डे दिसू लागतात! हॅरियटची दुर्बीण सुमारे सहा पट, तर गॅलिलिओची वीस पट मोठे दाखवणारी होती, हा फरक विसरून चालणार नाही. पण छटांवरून उंच-सखलपणा वाचण्याचा सराव गॅलिलिओच्या उपयोगी पडला, असे विज्ञानाच्या आणि कलेच्या काही इतिहासकारांचे मत आहे.

वर्गासाठी अष्टमीचा चंद्र साध्या दुर्बिणीतून पाहून काढणे हा उत्तम गृहपाठ आहे. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र सपाट थाळीसारखा भासतो.

शाईतला राखाडी

शाईत एकच छटा असते, काळी. राखाडी दाखवायचा तर ठिपके किंवा बारीक समांतर रेषा दाट-विरळ कराव्या लागतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ३० सेंटिमीटर अंतरावरून हे माप एक दशांश मिलिमीटरच्या आसपास येते. १ मिलिमीटर अंतरावर बारीक ठिपके काढून कागद भिंतीवर लावा आणि मागे सरकत जा. तीन-चार मीटरवर ठिपके विरघळून राखाडी पट्टा दिसू लागेल. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगातून पाहिले की तेथेही हीच युक्ती दिसते.

स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल याने पेन्सिल आणि शाईने काढलेली चेतापेशींची चित्रे आजही पुस्तकांत छापली जातात. गॉल्जीच्या पद्धतीने मोजक्या पेशी काळ्या रंगवून तो त्या सूक्ष्मदर्शकातून तासन्तास पाही. चेतापेशी या सुट्या, स्वतंत्र पेशी असतात, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि १९०६ मध्ये त्याला गॉल्जीबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आज आमच्यासारख्या संशोधकांच्या हाताशी कॅमेरे आणि संगणक आहेत. तरी चित्राची गरज संपलेली नाही. कॅमेरा समोरचे सगळेच टिपतो. चित्र काढणाऱ्याला काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे प्रत्येक रेषेला ठरवावे लागते.

वर्गात काय करता येईल?

प्रथम फळ्याचा विचार करू. काळा फळा आणि पांढरा खडू हेही काळे-पांढरे माध्यमच आहे, पण उलटे. कागदावर आपण सावली भरतो, फळ्यावर उजेड भरावा लागतो. बाह्यरेषा काढून सावलीच्या बाजूला खडूने रेघा मारल्या, तर मुलांना उलट चित्र दिसते. फळ्यावर चंद्राच्या कला किंवा गोल दाखवताना खडू उजेडाच्या बाजूला फिरवावा.

दुसरी गोष्ट, प्रयोगवहीत दोन वेगळी चित्रे मागावीत. आकृती एकेरी, स्वच्छ रेषेत, छटा न देता आणि नावे देऊन काढायची असते. तो नियम योग्यच आहे, कारण आकृती म्हणजे निष्कर्ष असतो. पण त्याआधी डाव्या पानावर एक निरीक्षणचित्र असावे. पुस्तक मिटून, समोरचे फूल पाहून, पेन्सिलने काढलेले. त्यात पाकळीला कीड लागली असेल तर कीडही येऊ द्यावी. या चित्राला सुबकतेचे गुण देऊ नयेत. प्रमाण बरोबर आहे का, उजेड कोठून येतो ते कळते का, आणि हे चित्र याच फुलाचे आहे का, एवढेच पाहावे. शेवटचे तपासणे सोपे आहे. पाच-सहा फुलांना क्रमांक द्यावेत, चित्रे एकत्र करावीत आणि कोणते चित्र कोणत्या फुलाचे, हे दुसऱ्या गटाला ओळखायला सांगावे.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत वस्तुचित्र हा विषय असतो. तो शिकवणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षकांना बरोबर घेऊन महिन्यातून एक जोडतास असा करता येईल. खर्च दोन पेन्सिली आणि पाठकोऱ्या कागदांचा. पहिल्या तासाला नऊ चौकटींची पट्टी, दुसऱ्याला पेला, तिसऱ्याला अंडे आणि चौथ्याला फूल, असा क्रम ठेवून पाहावा.